अर्धं पाऊल

मी आयुष्यात एकदाच पहिला आलो, आणि त्यामुळे दुसराच माणूस स्पर्धेतून बाद झाला.

एरवी पहिलं येण्याचा आणि माझा संबंध एवढाच की आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. घराण्यातला कसला, अख्ख्या आळीतला. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, डोंगरकड्याच्या अलीकडे, केळी आणि हळदीचं. पदवीचा कागद मी लॅमिनेशन करून दारासमोरच्या भिंतीवर लावला आहे, अशा जागी की पाणी मागायला आलेल्या माणसाला तो वाचल्याशिवाय पाणी मिळू नये. श्रेणी बारीक अक्षरात आहे, ती कुणी वाचत नाही. बापानं तो कागद पोस्टमनला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, आणि एकदा आमच्या अंगणात शिरलेली बकरी न्यायला आलेल्या माणसालाही दाखवला. तेव्हापासून गाव मला 'बीए' म्हणतं. हे नाव पाडलं दादांनी, आणि सगळ्या गावात माझा कागद न पाहिलेला माणूस तेवढा एकच.

दादांना दिसत नाही. आठव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि दिसायचं बंद झालं, एवढंच ते सांगतात, तेही शेजारच्याची गोष्ट सांगावी तसं. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारे, करकोच्यासारखे लांब पाय. घरातून निघताना म्हणणार, "जरा बघून येतो." एसटीत खिडकीचीच जागा धरणार. "मला खिडकी लागते. दुसरीकडं बसलं तर काईच दिसत न्हाई." समोरचा हसावं की नाही या विचारात पडला की ते खूश.

'बिचारा' हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. एक पाहुणे त्यांच्या मायला हळूच विचारते झाले, "बिचाऱ्याला अजिबातच दिसत न्हाई का?" ओट्यावरून दादांचा आवाज आला, "दिसतं की. तुमच्या डाव्या चपलीचा अंगठा तुटला हाये अन् तुमी त्याला खिळा ठोकलाय. पाहुणे म्हणून आलात अन् खिळ्यावर चालून राहिलात. बिचारे तुमी." पाहुण्यांनी चप्पल उलटी करून पाहिली. खिळा होता.

टीव्हीपुढे ते कधी बसले नाहीत. म्हणायचे, "त्यात सगळ्यास्नी सगळं दिसतं, म्हणून कोणी काई सांगतच न्हाई." रेडिओवर मात्र जीव. सामन्यांचं धावतं वर्णन ऐकून ऐकून त्यांना त्याचं व्यसन लागलं होतं आणि ते कशाचंही वर्णन करत. म्हशीची धार, टेलर चाचाचं मशीन, माझी दाढी. माय चुलीपुढे बसली की हे सुरू: "माय पिठाकडं वळली... पहिली थाप... दुसरी... भाकर मोठी होऊन राहिली... अन् काठाला चीर! अरेरे, अनुभवी खेळाडूकडून ही अपेक्षा नव्हती!" मायनं उलथनं फेकलं. ते भिंतीला लागून खाली पडलं. "उलथनं मैदानाबाहेर," दादा म्हणाले, "खेळाडूचा राग आवरत न्हाई."

पण हे सगळं नंतरचं. आधी ते पळत.

अंध माणूस शर्यतीत पळतो तेव्हा त्याच्या बाजूनं एक डोळस माणूस पळतो. दोघांच्या मनगटात एक छोटी दोरी. आमची दोरी म्हणजे बुटाची नाडी होती, तिच्या दोन्ही टोकांना टेलर चाचानं मनगटाएवढे फासे शिवून दिले होते. चाचानं विचारलं होतं, "छोटी रखूँ या बड़ी?" दादा म्हणाले, "इतकी ठेवा की हा पळून जाऊ नये, अन् माझ्या अंगावर बी पडू नये." 'हा' म्हणजे मी. पळणारी पोरं गावात बरीच होती, पण सगळी कामाला लागलेली. "बीए झालेला, पळणारा अन् पूर्ण रिकामा, असा मानूस अख्ख्या तालुक्यात एकच हाये," असं सांगून त्यांनी मला बापाकडून मागून घेतलं. बापाला वाटलं पोराला नोकरी लागली.

रोज पहाटे कळमनुरीच्या रस्त्याकडेला आम्ही पळायचो आणि रोज दादा नियम म्हणून दाखवायचे. "बाजूनं पळायचं. ओढायचं न्हाई, ढकलायचं न्हाई. अन् शेवटची रेघ आधी मी ओलांडायची. तू मागून. अर्धं पाऊल का व्हईना, पण मागून. न्हाईतर दोघं बी बाद." मी म्हणायचो, "दादा, मी ग्रॅज्युएट आहे. एकदा सांगितलं की कळतं." ते म्हणायचे, "म्हणूनच रोज सांगून राहिलो."

राज्याची स्पर्धा आली. चारशे मीटर. पहिला येईल तो देशपातळीवर जाणार. दादांचा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता, नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढं वर्ष पळा, मग बस करा. म्हणजे जे काही होतं ते त्या एका फेरीत होतं. मी त्यासाठी पांढरे बूट घेतले. दादांचे बूट जुनेच.

शेवटच्या वळणाला आम्ही दुसरे होतो. सरळ रस्त्यावर पहिल्यांना गाठलं. दादा असे पळत होते की दोरी ढिली पडली होती, माझी गरजच नव्हती. तेवढ्यात बाकड्यांवरून कुणीतरी ओरडलं, "अरे तो पांढऱ्या बुटाचा बघ, काय पळतोय!" मला तेवढं पुरलं. आमच्या आळीत बी.ए. होणं सोडून माझं कौतुक कुणी कधी केलं नव्हतं. माझी छाती आपोआप पुढे निघाली, आणि ती छाती घेऊन मी रेघ ओलांडली.

दादा वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होते. "कितवा आलो?"

पंच अजून कागदावर मान घालून होते. झेंडा वर गेला नव्हता. मी म्हणालो, "दादा, बाद झालो. मी पुढे गेलो."

"किती?"

"अर्धं पाऊल."

मग पंचानं लाल झेंडा वर केला. दादांना तो दिसला नाही, पण लोकांचा आवाज बदललेला त्यांना कळला. त्यांनी आधी गुडघा चोळला. मग सरळ होऊन म्हणाले, "म्हंजे पहिला तू आलास. पेढे दे."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून त्यांनी खिशातून दोरी काढली. मला वाटलं फेकणार. त्यांनी तिची घडी घातली आणि परत खिशात ठेवली. मी म्हणालो, "दादा, शिव्या तरी द्या." म्हणाले, "देतो की. सवडीनं." त्या अजून येत असतात, सुट्या सुट्या.

त्यानंतर दादा पळाले नाहीत. गुडघा बसला तो बसलाच. दोन-अडीच वर्षं ते ओट्यावर बसून मायच्या भाकरींचं वर्णन करत राहिले, आणि मी त्यांच्या ओट्यावरून जायचं टाळण्यासाठी लांबच्या गल्लीनं जायचो. त्यांना माझ्या चपलेचा आवाज तिकडून पण ऐकू यायचा. "बीए, त्या गल्लीत चिखल हाये," ते ओट्यावरून ओरडायचे. "इकडून ये."

मग एकदा कळमनुरीला बाजाराच्या मैदानावर कबड्डीचे सामने होते आणि दादांनी मला बळंच सोबत नेलं. माईकवर बोलणारा माणूस एका लग्नात जेवायला गेला आणि परत आलाच नाही. मांडववाल्यानं माईक कुणाच्या तरी हातात द्यायचा म्हणून दादांच्या हातात दिला, ते पुढेच बसले होते. दादांनी मला खाली ओढून बसवलं. "काय झालं?"

मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला. म्हणालो, "दादा, तो चढाईपटू म्हणजे जणू ढाण्या वाघ, चवताळून..."

"वाघ राहू दे. कोणत्या बाजूनं गेला? कुठवर? समोर किती हायेत?"

"उजव्या. बोनसच्या रेघेपर्यंत. चार आहेत."

"हां." आणि मग माईकवर: "उजवीकडून निघालाय गडी... चौघांत एकटा... ऐका त्याचा दम... कबड्डी कबड्डी... अजून हाये... अजून हाये... बोनसची रेघ विचारून राहिलीय, येतोस का पाव्हण्या?"

मैदानाच्या कडेला मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाया उठून दोरीपाशी आल्या. त्यांना कबड्डीतलं काही कळत नव्हतं, पण त्या चढाईपटूचा दम संपू नये असं त्यांनाही वाटत होतं.

तिथून आमची पद्धत पडली. गर्दीच्या आवाजात कानात सांगितलेलं ऐकू येत नसे, म्हणून ती जुनी दोरी पुन्हा मनगटात आली. गडी पकडला गेला तर एक झटका, सुटून आला तर दोन. बाकीचं मी कानात सांगायचं, उपमा न देता. दादांचा नियम असा: "काय झालं ते तू सांग. कसं झालं ते मी सांगतो." मला हा नियम अपमानाचा वाटायचा. तीन वर्षं शिकून मी नुसता आकडे सांगणारा झालो होतो. घरी मात्र मी सांगायचो की दादांना मी तयार करून राहिलो आहे.

सामन्यांमागून सामने मिळत गेले. मग हिंगोलीच्या एका छोट्या रेडिओ केंद्राचे साहेब औंढ्याच्या सामन्यांना आले. त्यांना दर रविवारी खेळांच्या कार्यक्रमाला एक कायमचा आवाज हवा होता. तीन दिवस ते ऐकणार आणि ठरवणार. दादा आयुष्यात एकदाच मला म्हणाले की त्यांना काही पाहिजे. औंढ्याच्या स्टँडवर बसची वाट बघताना म्हणाले, "पळणं गेलं. आता हे एवढं लागावं, बीए." आणि लगेच कुणाच्या तरी चपलेबद्दल बोलायला लागले.

पहिल्या दिवशी दादा झकास बोलले. नंतर साहेबांनी मला चहाला बाजूला घेतलं. "आवाज चांगला आहे त्यांचा, पण दर वेळी दोन माणसं, दोन खुर्च्या. तुम्ही ग्रॅज्युएट, डोळे शाबूत, सगळं कळतं. उद्याचा सामना एकट्यानं करून बघा. त्यांना काय, वर्षातून दोनदा भाषणाला बोलवू."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण 'ग्रॅज्युएट' हा शब्द कानात शिरला होता. पांढरे बूट पुन्हा पायात आले. दादांना साहेबांनी एवढंच सांगितलं की उद्या दुसऱ्या एकाला ऐकायचंय, तुम्ही परवा या. बसमध्ये दादांनी विचारलं, "कोण असंल रे तो दुसरा?"

मी म्हणालो, "असेल कुणी."

दुसऱ्या दिवशी मी माईकपुढे एकटा बसलो. काय बोललो ते सांगायला मला अजून लाज वाटते, पण नियम आहे, झालं ते सांगायचं. 'मावळतीच्या सोनेरी किरणांत न्हालेलं हे क्रीडांगण' असं मी म्हणालो. दुपारचे दोन वाजले होते. धुळीचं वर्णन मी इतकं केलं की ऐकणाऱ्याला शिंक यावी. चढाईपटूत मला वाघ, वीज, गरुड आणि एकदा चुकून हरीण दिसलं. चाळीस मिनिटं एक क्षण थांबलो नाही. शेवटी केंद्रावर कुणाचा तरी फोन आला आणि साहेबांनी चिठ्ठी पुढे सरकवली: 'श्रोते स्कोअर विचारत आहेत.'

मी एकदाही सांगितला नव्हता. वाईट म्हणजे मलाही माहीत नव्हता.

त्यांचा कार्यक्रम मोबाइलवरही लागतो. घरी पोचलो तर आईचा चेहरा फुललेला. "लई गोड बोललास रे लेकरा. पर जिंकलं कोण?"

टेलर चाचाच्या दुकानात दादा बसले होते. मोबाइल मशीनवर ठेवलेला. मला लांबची गल्ली आठवली, पण पाय तिकडे वळले नाहीत. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, तो दुसरा मी होतो."

"आवाज वळखतो मी."

चाचानं दोऱ्याचं टोक तोंडात धरून सांगितलं, "माशाल्ला, अल्फाज बहोत उम्दा थे, बीए. मैच भी था क्या बीच में?"

दादा हसले नाहीत. मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "गोड बोलतोस तू. खोटं न्हाई सांगत. पर मला काईच दिसलं न्हाई."

त्या एका वाक्यानं माझ्या कागदावरची श्रेणी मला पुन्हा वाचून दाखवली. मी म्हणालो, "उद्या तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जा दादा."

"सात वाजताची गाडी हाये," दादा म्हणाले. "दोरी मी धुऊन ठेवली. वाळायला तुझ्याच दारात टाकलीय, ती घेऊन ये."

शेवटच्या दिवशी फायनल. शेवटची चढाई उरली तेव्हा बत्तीसला बत्तीस, बराबर. गडी आत गेला, एकाला शिवला, आणि परत फिरताना तिघांनी त्याला पाठीमागून धरून खाली पाडलं. त्याचा सगळा देह त्यांच्याखाली. एक हात मधल्या रेघेकडे सरपटत होता. मैदान असं ओरडत होतं की दादांना काहीही कळणं शक्य नव्हतं. शिट्टी वाजली. बोटं रेघेच्या पलीकडे होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. माईक आमच्या दोघांच्या मधोमध, चालू. 'सुटला!' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. अर्धं पाऊल.

मी डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि उजव्या हातानं दोन झटके दिले. मग त्यांच्या कानाला लागून ओरडलो, "नुसती बोटं!"

दादा लगेच बोलले नाहीत. एक श्वास थांबले. साहेब खुर्चीतून पुढे सरकले. मग दादा अगदी हळू आवाजात म्हणाले, "अंग तिकडंच राह्यलं... तिघांच्या खाली... हात निघाला... बोटं निघाली..." आणि एकदम, "पोचली! बोटं पोचली बाप्पा! गडी राह्यला परगावी, बोटं आली घरी!"

साहेबांनी कानावरचं यंत्र काढलं. माझ्याकडे बघितलं. मी अजून तोंड दाबूनच बसलो होतो. त्यांनी आपल्या माणसाला सांगितलं, "रविवारी दोन खुर्च्या लावा."

आता दादांना भाषणांना बोलावतात. शाळा, कॉलेज, एकदा तर सासवा-सुनांचा मेळावा. दर भाषणात ते ती शर्यत सांगतात, आणि दर वेळी मी जास्त पुढे जातो. सुरुवातीला अर्धं पाऊल होतं. मग दोन पावलं झाली. परवाच्या भाषणात मी दहा पावलं पुढे होतो आणि लोकांना हात हलवून दाखवत होतो. ते खाली उतरल्यावर मी भांडलो. "दादा, अर्धं पाऊल होतं! काय झालं ते सांगायचं, हा तुमचाच नियम."

"काय झालं ते सांगायचं काम तुझं हाये. अन् मागच्या रांगेला अर्धं पाऊल दिसत न्हाई."

मागच्या महिन्यात माझ्याच कॉलेजनं त्यांना बोलावलं. ज्या कॉलेजात मी बी.ए. झालो त्याच. मी नवा शर्ट घातला. माजी विद्यार्थी म्हणून मलाही वर बसवतील असं वाटलं. प्राचार्यांनी स्वागतात माझा उल्लेख 'सोबत आलेले गृहस्थ' असा केला आणि मला कुंड्यांच्या मागे खुर्ची दिली. तिथून मला दादांची फक्त पाठ दिसत होती.

शर्यतीची गोष्ट झाली, पोरं हसली. मग एका मुलीनं उठून विचारलं, "सर, तुम्हाला त्या माणसाचा राग नाही आला?"

"आला ना. अजून येतो. रविवारी जास्त, कारण रविवारी तो बाजूलाच बसतो."

"मग तुम्ही दुसरा का नाही शोधला?"

दादा थोडे थांबले. त्या दिवशीच्या फायनलसारखे. "पंचाचा झेंडा वर जायच्या आधी त्यानं मला सांगितलं, पोरी, की मी पुढं गेलो. त्याला वाटलं असतं तर त्या घडीला तो काई बी सांगू शकला असता. मला काय दिसणार होतं? पळणारे लई भेटतेत. झालं ते सांगणारा भेटत न्हाई."

कुंड्यांमागे मी कुंडीचंच एक पान उगाच पुसत बसलो.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोरी मनगटात घालून दाराकडे निघालो. आता एक गोष्ट सांगतो जी मी कुणाला सांगत नाही. त्या शर्यतीपासून कुठलाही उंबरा आला की मी आपोआप अर्धं पाऊल मागे राहतो. बँक असो, देऊळ असो, एसटी असो. लोकांना वाटतं, शिकलेला असून केवढा नम्र. त्या दिवशी पण मी मागे राहिलो, आणि दादा दारात थांबले.

"काहून थांबलास?"

"कुठं काय, दादा."

"दोरीला कळतं. किती वर्षं मागं राहून राहिलास? ती रेघ होती. हे नुसतं दार हाये. चल, बराबर चल."

आम्ही बरोबरीनं पाऊल टाकलं. दाराचं एकच पान उघडं होतं. दोघं खांद्याला खांदा लावून त्या अर्ध्या दारात अडकलो, ना पुढे ना मागे. माझ्या नव्या शर्टाची बाही कडीत गुंतली. मागे पोरांची गर्दी. दादांना भलताच आनंद झाला. "दोन अनुभवी खेळाडू दारात अडकलेत! एक पदवीधर हाये, तरी बी अडकलाय!"

शिपायानं धावत येऊन दुसरं पान उघडलं आणि आम्ही दोघं व्हरांड्यात फेकले गेलो.

दादांनी पहिल्यांदा कपडे झटकले, मग आवाजाच्या दिशेनं शिपायाकडे तोंड केलं. "पंच, खरं सांगा. आधी कोण निघालं?"

'दादा म्हणा' अशी शिपायाला खूण करायला मी हात उचलला होता. पण खूण करायची वेळच आली नाही. शिपाई माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "तुमीच हो दादा. ह्यांची एक चप्पल अजून आतच हाये."

दादांनी दोरीसकट हात वर केला. माझाही हात त्यासोबत वर गेला.

"चल बीए," ते म्हणाले, "आता पेढे मी देतो."